कर्नल बदलला आणि लॅपटॉप अडला

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि संपूर्ण डिस्क सांकेतिक केलेली असल्यामुळे सुरुवातीलाच तिचा पासवर्ड द्यावा लागतो. परवा रात्री अपडेट चालू असताना जागा शिल्लक नसल्याचा एक संदेश आला, पण मी त्याकडे दुर्लक्ष केले. सकाळी पासवर्ड विचारलाच गेला नाही. काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि शेवटी ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ अशी ओळ आली व कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहिला. दुरुस्तीच्या दुकानात डिस्क फॉरमॅट करावी लागेल असे सांगितले. माझ्या प्रबंधाची चार प्रकरणे त्यात आहेत. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम, फॉरमॅट करू देऊ नका. तुमच्या वर्णनावरून प्रबंध जागेवर आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्याच ओळीत आहे. पडद्यावर तो संदेश लिहिणारा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा असलेला प्रोग्राम, स्वतः त्याच डिस्कवरून वाचला गेला, म्हणजे डिस्क मेलेली नाही. कर्नल प्रत्येक डिस्कला एक मुख्य आणि एक दुय्यम असे दोन क्रमांक देतो. दोन्ही ठिकाणी शून्य याचा अर्थ, जिथून पुढची प्रणाली उचलायची ते ठिकाणच त्याला सापडले नाही.

ते का सापडले नाही, हे पासवर्ड न विचारला जाण्यावरून कळते. कर्नलबरोबर ‘इनिटरामएफएस’ नावाची एक दाबून बसवलेली फाइल मेमरीत चढते. डिस्कचा पासवर्ड विचारणारा आणि कुलूप उघडणारा छोटा प्रोग्राम तिच्यातच असतो. नवा कर्नल बसला, परंतु त्याची ही जोडीदार फाइल तयार होण्याआधीच जागा संपली, असाच याचा अर्थ दिसतो. जागा संपली ती मुख्य डिस्कवर नव्हे, तर ‘बूट’ या वेगळ्या, लहान विभागात. सांकेतिक डिस्कवर तो विभाग सहसा कुलपाबाहेर ठेवलेला असतो आणि जुन्या उबुंटूने त्याला जेमतेम काहीशे एमबी जागा दिलेली असते. एकेका कर्नलची ही फाइल १०० एमबीच्या आसपास जाऊ शकते, शिवाय ती पुन्हा बनवताना नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनीही तिथेच राहते, त्यामुळे दोन-तीन कर्नल साठले की विभाग भरतो.

आता उपाय. लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मागची सुरुवात फसलेली असल्यामुळे ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी बहुधा आपोआप दिसेल. न दिसल्यास एस्केप कळ एकदाच दाबा, जुन्या बायोसवर (लॅपटॉप चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) डावी शिफ्ट दाबून धरा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन नव्या क्रमांकाच्या खालचा, म्हणजे आधीचा कर्नल निवडा, रिकव्हरी मोड लिहिलेली ओळ नको. पासवर्डची चौकट दिसली की निम्मे काम झाले. आत शिरल्यावर दुसरे काहीही करण्याआधी प्रबंध पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘यूनेम -आर’ देऊन चालू कर्नलचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण तो कोणत्याही परिस्थितीत पुसायचा नाही. ‘डीएफ -एच’ या आज्ञेने बूट विभाग किती भरला आहे ते पाहा. १०० टक्क्यांच्या जवळ असेल तर निदान पक्के. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही आज्ञा नको असलेले जुने कर्नल काढते (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), पण काय काढले जाणार ती यादी वाचूनच होकार द्या. अर्धवट अपडेटमुळे एपीटी हे प्रोग्राम बसवणारे-काढणारे साधन स्वतःच अडून बसले, तरच बूट विभागातील एखाद्या जुन्या कर्नलची इनिटरामएफएस फाइल हाताने पुसा, तीही लिहून ठेवलेल्या क्रमांकाची नाही याची दोनदा खात्री करून. जागा झाल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. राहिलेली मांडणी ती पूर्ण करते. बहुतेक वेळा हरवलेली फाइल येथेच तयार होते. तरीही ती दिसली नाही, तर नव्या कर्नलचा क्रमांक देऊन ‘अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’, दोन्ही सुडोसह चालवा.

पुन्हा सुरू करण्याची घाई मात्र करू नका. बूट विभागातील फाइलींची यादी काढा आणि नव्या क्रमांकाच्या दोन फाइली, ‘व्हीएमलिनझ’ (कर्नल) व ‘इनिटआरडी’ (त्याची इनिटरामएफएस फाइल), दोन्ही आहेत का ते डोळ्यांनी तपासा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातील हीच पायरी लोक सर्वाधिक वेळा गाळतात आणि पुन्हा त्याच काळ्या पडद्यापाशी येऊन पोहोचतात.

जुना कर्नलही सुरू झाला नाही, तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता उबुंटू चालवणारा पेनड्राइव्ह, लावून सुरू करा. फाइल व्यवस्थापकात तुमच्या डिस्कवर क्लिक करून तोच पासवर्ड दिला की फाइली उघडतात आणि प्रबंध बाहेर काढता येतो.