सूज पायाला, तक्रार हृदयाची

प्रश्न : जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. हार्ट फेल्युअरची लक्षणं पाठ आहेत, पण दम आणि पायाची सूज यांचा संबंध विचारला की गाडी अडते. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : अगं, लक्षणं पाठ नको करूस, पाण्याची वाट धर. मी वर्गात मोरीपासून सुरुवात करायची. पाइप तुंबला की पाणी मागे चढतं ना? हृदयाचा डावा कप्पा रक्त पुढे ढकलेनासा झाला की ते फुप्फुसात तुंबतं. म्हणून आडवं झालं की दम. पेशंटला 'श्वास कसा आहे' विचारण्याआधी उशा मोज. काल एक होती, आज तीन, म्हणजे समजून जा. उजवा कप्पा थकला की तेच पाणी पायात.

खरी गंमत मूत्रपिंडाची. रक्त कमी पोचलं की त्याला वाटतं, अंगातलं पाणीच आटलंय! मग रेनिन नावाचं रसायन सोडून ते मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. म्हणजे तुंबलेल्या मोरीत वरून नळ सोडायचा. हे कळलं की मीठ कमी का, रोज सकाळी वजन का, लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, शक्यतो रात्री का नाही, हे पाठ करावं लागत नाही.

विद्यार्थिनी असताना मी एका आजोबांचे पाय कोरडे पाहून 'सूज नाही' लिहिलं होतं. आठवडाभर पाठीवर पडून होते ते. सिस्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि माकडहाडाच्या वर माझाच अंगठा दाबला. खळगा उठला, बराच वेळ भरलाच नाही. सूज तिथे उतरली होती.