दूरदृष्टी म्हणजे नेमकं काय? उद्याचं काहीच सांगता येत नसेल तर तिचा उपयोग काय?

उद्याचं कोणालाच दिसत नाही, हे तुमचं म्हणणं कबूल. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात मृगाचा पाऊस टिकेल की दडी मारेल, हेही छातीठोक सांगणारा कोणी नाही. माझ्या लेखी दूरदृष्टी म्हणजे डोकं थंड असताना ठरवून ठेवणं. घाई, लोभ, भीती अंगावर आली की विचार सुचत नाही.

पेरणीचंच घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो. सगळ्यांना पाठ आहे. पण पहिला दणका पडतो, शेजारच्या वावरात ट्रॅक्टर फिरतो आणि पोटात कालवाकालव सुरू होते: आपणच मागं राहिलो का? मग पेरून मोकळं व्हायचं. पुढं पाऊस गायब, कोंब करपले, दुबार पेरणीला पुन्हा थैल्या आणा, त्याही उधारीवर. मे महिन्यातच आकडा ठरवून धुऱ्यावर पर्जन्यमापक ठोकला असेल, तर जे काय भांडण ते त्या नळीशी.

सोयाबीनची उगवणही आधीच तपासता येते. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडायचे, गुंडाळी सावलीत ठेवायची, काही दिवसांनी कोंब मोजायचे. ७० निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. मृगात एवढी सवड कोणाला? उन्हाळ्यात असते, पण तेव्हा लग्नं असतात!

सगळ्यात अवघड फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवणं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याला डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी थोडा कापूस काढता येतो. भाव चढा असला की मोह होतोच. पण त्या बोंडांत गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो आणि पुढच्या हंगामात ती शेजाऱ्याच्या कपाशीवरही येते. हे एकट्यानं ठरवून भागत नाही. वेचणी चालू असतानाच पारावर बसून पऱ्हाटी उपटायची तारीख ठरली, तर बरेच जण पाळतात. जानेवारीत, बाजारभाव बघून विषय काढला की प्रत्येकाकडे कारण तयार.

एवढं करूनही गारपिटीपुढं काही चालत नाही. कपाशीत तुरीच्या ओळी टाकल्या तर पाऊस लवकर उठला तरी तूर तग धरते, मुळं खोल असतात तिची. गारा पडल्या की तीही जाते. त्या वर्षी घाईनं न पेरलेल्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी एकाच पेरणीची असते.