मॉर्मन पंथाचे पहिले नेते दारू-तंबाखूचं पथ्य स्वतः पाळत होते का?

तुम्ही विचारलंय की आज मॉर्मन लोक (हा अमेरिकेत सुरू झालेला ख्रिस्ती पंथ) चहा-कॉफीलाही शिवत नाहीत, मग त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ वाइन घ्यायचे आणि त्यांच्यानंतरचे नेते ब्रिगहॅम यंग तंबाखू खायचे, हे ढोंग नव्हतं का?

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तरी मी त्याला ढोंग म्हणणार नाही. आज आपल्याला जो कडक नियम दिसतो, तो त्या माणसांच्या हयातीत तसा नव्हताच.

सुरुवात झाली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कर्टलंड गावात. नेवेल व्हिटनी यांच्या दुकानाच्या माडीवर जोसेफ स्मिथ आपल्या प्रचारकांचा वर्ग घेत. खोली लहानशी. यंग यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी: मंडळी आली की आधी पाइप शिलगवायची, पाइप संपला की तंबाखूचा बार भरायची आणि खोलीभर पिचकाऱ्या टाकायची. जोसेफ यांनी त्या धुरात उभं राहून धर्म शिकवायचा, आणि ती घाणेरडी जमीन घासायची त्यांच्या पत्नी एमा यांनी. एमा यांचं वैतागणं या सगळ्याच्या मुळाशी होतं, असं यंग सांगत, आणि मला ते पूर्ण पटतं.

२७ फेब्रुवारी १८३३ ला जोसेफ यांनी ‘वर्ड ऑफ विझडम’ हा ईश्वरी संदेश सांगितला. मद्य नको, तंबाखू नको (ती मुका मार लागल्यावर आणि आजारी गुरांसाठी), गरम पेयं नकोत, मांस बेतानं, तेही थंडीत किंवा दुष्काळात. धान्य आणि फळं भरपूर. वर्गातल्या मंडळींनी तिथल्या तिथे पाइप आणि तंबाखू विस्तवात फेकली, अशी आठवण त्यांच्यातल्याच झेबेडी कोल्ट्रिन यांनी सांगितली आहे.

पण त्याच संदेशात स्पष्ट म्हटलंय की ही आज्ञा नाही, सक्ती नाही. सगळी मेख तिथे आहे. वारकऱ्यानं माळ घातली की मद्य-मांस सुटलं, ही अट माळ घालण्याआधीच ठाऊक असते. जोसेफ यांच्या पिढीपुढे अशी अट नव्हती, सल्ला होता. त्यामुळे त्यांच्या रोजनिशीत १८३६ मधल्या एका लग्नात वाइनला आशीर्वाद देऊन ती सगळ्यांनी आनंदानं घेतल्याची नोंद आहे, १८४४ मध्ये एक ग्लास बिअर घेतल्याचीही आहे. लपवाछपवी नाही. २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात, जमावानं जोसेफ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना मारलं त्या दुपारी, कोठडीत वाइन मागवली होती. त्यांच्यासोबत कोठडीत दोन सहकारीही होते. त्यांतले जॉन टेलर गोळ्या लागूनही वाचले. त्यांनी नंतर साफ लिहिलं की तो काही धर्मविधी नव्हता, मनं फार जड झाली होती म्हणून ती मागवली. मला हे वाचताना त्या चौघांविषयी कणव वाटते, दुसरं काही नाही.

खटकणारी गोष्ट वेगळी आहे. १८३४ मध्ये पंथाच्या मंडळानं ठरवलं की शिकवूनही हे पथ्य न पाळणारा पदाला लायक नाही. पुढे १८३८ मध्ये पंथाच्या सुरुवातीच्या नेत्यांपैकी एक, डेव्हिड व्हिटमर यांना पंथातून काढलं, तेव्हा आरोपपत्रात पहिलाच आरोप हे पथ्य मोडल्याचा. खरं भांडण नेतृत्वाचं आणि मालमत्तेचं होतं. सल्ला म्हणून दिलेली गोष्ट नावडत्या माणसावर उगारली गेली. टीका करायचीच तर इथे करा.

यंग यांच्या काळातही तेच सैल धोरण राहिलं. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांना १८४५ मध्ये सामानाची जी यादी दिली, तिच्यात १ पौंड चहा आणि ५ पौंड कॉफी होती! हायरम यांनी तर १८४२ मध्येच सांगितलं होतं की गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी. यंग यांची स्वतःची तंबाखू १८६० च्या सुमारास सुटली. लोकांना ते सोडायला सांगत, पण पंथ पश्चिमेत जिथे वसला त्या उटाहबाहेर पैसा जातो ही काळजी त्यांना तितकीच होती, म्हणून उटाहच्या दक्षिण भागात तंबाखू आणि द्राक्षं लावायलाही त्यांनीच सांगितलं. तिथल्या टोकरव्हिल भागात वाइन इतकी व्हायची की लोक धर्माचा दशांश वाइनच्या रूपात भरत.

पथ्याचा नियम झाला तो विसाव्या शतकात. अमेरिकेत दारूबंदीचं वारं होतं. १९०६ मध्ये वरिष्ठ नेत्यांनी प्रभुभोजनाच्या विधीत वाइनऐवजी पाणी घ्यायला सुरुवात केली, आणि हेबर ग्रँट अध्यक्ष असताना, १९२१ मध्ये, मंदिर-प्रवेशाच्या परवान्यासाठी दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी सोडणं सक्तीचं झालं. मांस मात्र त्या सक्तीत आलं नाही. ग्रँट यांच्या आधीचे एक अध्यक्ष लोरेन्झो स्नो मांसाच्या सूचनेवर फार भर देत, आणि मूळ संदेशात ती आजही जशीच्या तशी छापलेली आहे.