ब्लूग्रास बँडमध्ये मँडोलिन धरताना

ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकारात सहसा ड्रम नसतो, ठेका तुलाच सांभाळायचा आहे. चार मात्रांत डबल बास पहिल्या-तिसऱ्यावर, तुझा ‘चॉप’, म्हणजे कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) आखूड, लगेच तोडलेला फटका, दुसऱ्या-चौथ्यावर. कॉर्डमध्ये एकही तार मोकळी, म्हणजे न दाबलेली, ठेवू नकोस. पिकचा (तारा छेडायच्या पातीचा) फटका बसला की डावी बोटं लगेच सैल सोड, पण तारांवरून उचलू नकोस. उचललीस की तारा घुमत राहतात आणि ठेका पसरट होतो.

बँजोचा सोलो चालू असताना फक्त चॉप. मध्ये सुरावटी घुसवू नकोस, गाण्याचा जीवच जातो. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडची १९४६-४७ची ध्वनिमुद्रणं ऐक: अर्ल स्क्रग्जचा बँजो, लेस्टर फ्लॅटची गिटार, फिडल (व्हायोलिन), बास, आणि या सगळ्यांत मन्रोचं मँडोलिन.

एकच माइक असेल तर सोलोवाल्याला वाट दे. त्याचा सोलो सुरू व्हायच्या दोन ओळी आधीच बाजूला सरक.