ग्रीन कार्ड आलं, आता पुढे काय?

"ताई, तेरा वर्षं वाट पाहिली. या मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं. इथे पेढे वाटले, तिकडे सांगलीला सासूबाईंनी सत्यनारायण घातला. आणि पंधरा दिवसांनी डिशवॉशर लावताना लक्षात आलं, मला काहीच वाटत नाहीये. घर आहे, मुलं गुणी आहेत, नवऱ्याबद्दल तक्रार नाही. बेसमेंटमध्ये मिरजेहून आणलेला तंबोरासुद्धा आहे, खोक्यातच! मग हे रितेपण कसलं? मैत्रिणी म्हणतात, सुख आत शोध. आत म्हणजे नेमकं कुठे?"
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हसू आलं. मीही तो एकदा एका शिबिरात विचारला होता. उत्तरादाखल डोळे मिटायला सांगितलं. मिटले. उद्याच्या डब्याला काय करायचं ते आठवलं.

तेव्हा 'आत' जरा बाजूला ठेवू आणि तुमची तेरा वर्षं बघू. एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, तीन वर्षांचा, वाढवून सहा, त्यापुढे ग्रीन कार्डाचं प्रकरण मार्गी लागलं असेल तर मुदतवाढीवर मुदतवाढ. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातली ७ टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत असा नियम, आणि रांगेत आपलेच लाखो लोक. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठल्या तारखेच्या अर्जापर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडायचं. तारीख दोन आठवडे पुढे सरकली की खूश, मागे गेली की जेवण बेचव. मूल २१ वर्षांचं व्हायच्या आत कार्ड हातात पडेल ना, नाहीतर ते आपल्या अर्जातून गळायचं, हा घोर वेगळाच. अशात घराघरात एकच वाक्य रुळतं: 'एकदा कार्ड आलं की...' एकदा कार्ड आलं की नोकरी बदलू. एकदा कार्ड आलं की महिनाभर आईकडे राहू. तुम्ही तेरा वर्षं त्या अर्ध्या वाक्यात राहिलात. आता ते पुरं झालं, आणि रोज सकाळी उठून कशाची वाट बघायची ते कळेना. यात कृतघ्नपणा काही नाही.

१९७८ साली काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसं लागलेल्या २२ जणांना गाठलं आणि बक्षीस न लागलेल्या २२ जणांशी त्यांची तुलना केली. सुखाच्या बाबतीत दोघांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. मित्राशी गप्पा, एखादा विनोद, सकाळचा नाश्ता, असल्या साध्या गोष्टींत विजेत्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. बावीस माणसांवरून फार मोठं काही सांगू नये, कबूल. पण नाश्त्याचं मला पटतं. कार्डाच्या पेढ्यापुढे शनिवारचे पोहे काही दिवस फिकेच लागणार.

यावर कुणी 'समाधान मानून घे' म्हणेल. आपल्याकडे हे बहुतेक वेळा ज्याच्या वाट्याला कमी आलं त्यालाच सांगतात. आपल्या आज्या किती समाधानी होत्या, असंही कौतुकाने बोललं जातं. मला शंका आहे. त्यांतल्या पुष्कळजणींना काही मागायची सोयच नव्हती. तुम्ही मानून घेऊ नका.

तुमच्या पत्रात उद्गारचिन्ह एकाच ठिकाणी आहे, तंबोऱ्यापाशी. तो बाहेर काढा. गाण्यासाठी नाही, निदान महिनाभर तरी नाही. फक्त लावा. खुंट्या पिळून मधल्या दोन तारांची जोड जुळवा, मग पंचमाची तार, मग खर्जाची. घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवा आणि तार कुठे बोलायला लागते ते ऐका. यात तासही जातो, आणि शेवटी दाखवण्यासारखं हाताला काही लागत नाही. म्हणूनच सांगते आहे.

अटी मात्र आहेत. फोटो काढायचा नाही. मंडळाच्या गणपतीत गाण्याचं आमंत्रण आलं तर यंदा नाही म्हणा. आणि 'मुलांच्या कानावर पडावं म्हणून काढला' असं स्वतःलाही सांगू नका. परदेशात आपण बायका आपली प्रत्येक आवड मुलांच्या संस्कारांच्या खात्यावर टाकतो. भरतकाम, ओव्या, पुरणपोळीसुद्धा. हे तुमच्या खात्यावर राहू द्या. कुणी बघत नाही आणि कशाची तयारीही नाही, असा अर्धा तास. माझ्यापुरतं 'आत' म्हणजे तेवढंच. त्याहून खोलवर गेलेल्यांनी त्यांचं सांगावं.

शनिवारी सकाळी नऊला तुम्ही सांगलीला फोन लावता तेव्हा तिकडे उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसात. दिवेलागणीच्या आसपासची वेळ. 'आता सगळं छान ना?' असं सासूबाई विचारतील. 'हो हो' म्हणून आटपू नका. तंबोरा लावते आहे, पंचम उतरतोय, असं सांगा. सत्यनारायण घालणारी बाई यावर बोलायला काहीतरी शोधेलच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, दोन आठवड्यांहून अधिक दिवस कशातच मन लागत नसेल, तर तंबोरा थांबेल, आधी डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटला तर अमेरिकेत ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो, दिवसा-रात्री केव्हाही.

बाकी, खोकं बॉयलरजवळ असेल तर आजच हलवा, कोरड्या हवेत तंबोऱ्याचा भोपळा तडकतो. जुन्या तारा एकदम ताणू नका, तुटतील. नवा संच मागवाल तेव्हा खर्जाची पितळी तार एक जास्तीची घ्या. आणि कसं चाललंय ते कळवा, पण घाई नको, दिवाळीनंतर.