शेवाळातली तपकिरी अळंबी ओळखायची कशी?

प्रश्न : किनवटच्या सागाच्या जंगलात ओढ्याकाठी, शेवाळलेल्या दगडांत बारीक दांड्याच्या तपकिरी छत्र्या उगवल्या आहेत. मोबाइलवर फोटो टाकला तर ‘गॅलेरिना पालुडोसा’ हे नाव आलं. बरोबर आहे का? खाता येईल?
— एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. अजिबात खाऊ नका. गॅलेरिना या अळंबीच्या गटातल्या काही जातींत अमाटॉक्सिन हे विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग बरं वाटू लागतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. लसूण काळा पडतो का, किडे खातात का, या परीक्षा साफ खोट्या आहेत.

नाव मात्र पटत नाही. पालुडोसा वाढते स्फॅग्नम नावाच्या शेवाळात. नर्सरीत ऑर्किडसाठी वाळलेलं मॉस मिळतं, ते हेच. त्याला थंड, आम्लधर्मी, कायम पाणथळ जागा लागते. हिमालयात, निलगिरीत ते आढळतं. किनवटच्या दगडांवरचं, उन्हाळ्यात कोळपून जाणारं शेवाळ वेगळं.

छत्रीच्या रंगावर तर विसंबूच नका. अशा अनेक छत्र्या ओल्या असताना गडद तपकिरी आणि वाळल्या की फिकट दिसतात. एकच छत्री सकाळी-दुपारी दोन जातींची वाटते.

खरी खूण बीजाणूंच्या, म्हणजे छत्रीतून गळणाऱ्या बारीक भुकटीच्या रंगात असते. छत्री उपटू नका, खुरप्याने बुडासकट काढा. बुडाशी पिशवी आहे का, खाली कुजकं लाकूड गाडलेलं आहे का, दांड्यावर कडं आहे का, हे तिथेच लिहून ठेवा. नमुना कागदी पिशवीत न्या. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून तो सडतो. घरी दांडा कापून टोपी, कल्ले (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) खाली करून, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा. वर पाण्याचा एक थेंब टाका, वाटी झाका आणि रात्रभर हलवू नका. गळलेल्या बीजाणूंचा ठसा कागदावर उमटतो. ठसा उमटला नाही तर टोपी बहुधा फार कोवळी किंवा सुकलेली होती. चिंब भिजलेली असेल तर ठसा फिसकटतो. आधी टिपकागदाने टिपून घ्या.

ठसा गंजासारखा तपकिरी आला तर गॅलेरिनाचा संशय कायम. पांढरा आला तर गॅलेरिना नाही, काळपट आला तरी नाही. पण ‘गॅलेरिना नाही’ म्हणजे ‘खाण्याजोगी’ नव्हे. नेमकी जात ठरवायला बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागतात. त्यासाठी ठशाचा कागद, सावलीत कडकडीत वाळवलेल्या दोन-तीन छत्र्या आणि तुमची टिपणं जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा.