नोकरी पुण्यात, नाव गावच्या यादीत. केंद्रावर न जाता मत देता येतं का?

नाही. खाजगी नोकरीतल्या माणसाला पोस्टाने मत देता येत नाही, मोबाइलवरून तर नाहीच. परगावी राहणाऱ्यांसाठीचं रिमोट मतदान यंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांना दाखवायला आणलं होतं, पण ते पुढे सरकलं नाही.

टपाली मत मिळतं ते निवडणूक ड्युटीवरच्यांना, सैन्यातल्यांना, प्रतिबंधात्मक कोठडीत असलेल्यांना. जवानाला गावातलं माणूस आपल्या जागी नेमता येतं, त्या माणसाच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. 85 च्या पुढचे आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेले वेळेत नमुना 12 ड हा घरून मत देण्याचा अर्ज भरतात, त्यांच्या घरी पथक येतं. परदेशातल्या भारतीयांनाही पासपोर्ट घेऊन केंद्रावरच यावं लागतं.

तेव्हा तुम्हाला गावी जावंच लागेल. आणि जाच, कारण जो येत नाही त्याचं मत आमच्या गावात दुसराच कुणीतरी टाकतो.

मी पुण्यात हॉस्टेलवर राहून एम.एस्सी. करत होते. विधानसभेला मुद्दाम रात्रीची एसटी धरून मराठवाड्यातल्या आमच्या गावी गेले. दुपारी केंद्रावर पोचले तर यादीत माझ्या नावावर खूण झालेली आणि रजिस्टरमध्ये नावापुढे अंगठा. मी सही करते! केंद्राध्यक्ष म्हणाले, "ताई, झालंय तुमचं. पुढच्या वेळी लवकर या." मी डावा हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, शाई दाखवा. समोर बसलेल्या मतदान प्रतिनिधींपैकी एकानेही मान वर केली नाही. तोतया मतदार आला तर 2 रुपये भरून आक्षेप घ्यायचा, त्यासाठीच त्यांना तिथे बसवतात. पण सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी एकाच गावचे, एकाच भावकीतले. आक्षेप घेणार कोण?

मी हलले नाही. निवडणूक नियमांतला 49 पी मला माहीत होता, तोच सांगितला. आपल्या नावावर कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून प्रदत्त मत देता येतं. केंद्राध्यक्षांनी पुस्तिका उघडली, मला चार प्रश्न विचारले आणि मागे 'प्रदत्त मतपत्रिका' लिहिलेला कागद दिला. नमुना 17 ब, म्हणजे प्रदत्त मतांची यादी, तिच्यावर सही केली, आडोशाला जाऊन फुलीचा शिक्का मारला, कागद वेगळ्या पाकिटात गेला. यंत्राचं बटण मात्र मिळालं नाही.

संध्याकाळी काका ओट्यावर चार माणसांसमोर म्हणाले, "तो कागद कोण मोजतंय? पोरीच्या जातीने भर केंद्रात एवढं बोलायचं असतं का?"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. प्रदत्त मतं एरवी मोजत नाहीत, हे खरं. पण निकाल कोर्टात गेला की तीच पाकिटं महत्त्वाची ठरतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 च्या विधानसभेत काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिवाय 17 ब वर माझं नाव आहे, म्हणजे त्या केंद्रावर लबाडी झाली याची सरकारी कागदावर नोंद आहे. गप्प घरी आले असते तर अंगठाच खरा ठरला असता. पोरीने बोलायचं नाही म्हणणाऱ्यांच्याच घरातून असे अंगठे उठतात, असं माझं स्पष्ट मत आहे. सासरी गेलेल्या लेकी आणि पुण्याला गेलेली पोरं यांचीच नावं यासाठी सोयीची असतात.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोगाकडे येतात, त्यांचे नियम वेगळे. आणखी एक, विद्यार्थ्याला गाव किंवा हॉस्टेल यांपैकी कुठलंही एक ठिकाण निवडता येतं. तुम्ही मात्र पुण्यात कायमचे राहत असाल तर नाव तिथेच हवं, पत्ता बदलायचा नमुना 8 भरा. तोवर निवडणूक लागली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब खाली पगारी सुट्टी मागा आणि सकाळी सातलाच रांगेत उभे राहा. दुपारनंतर आमच्याकडे न आलेल्यांची नावं शोधायला सुरुवात होते.